सही करण्याआधी दोघींची नावं घाल

सातारा

चि. माऊ हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कराराचा मसुदा दोनदा वाचला. आईने तर पेढे आणून शेजारीपाजारी वाटलेसुद्धा. मलाही फार आनंद झालाय. तू आणि तुझ्या रूममेटने रात्री जागून उभी केलेली ती चित्रकथेतली घाटातली पोरगी आता छापून येणार, ही लहान गोष्ट नाही. पण चौथ्या पानावर मी अडकलो. ‘लिहून देणार’ म्हणून तिथे तुझं एकटीचं नाव आहे. जिने गोष्ट रचली, त्या तुझ्या रूममेटचा उल्लेख अख्ख्या करारात कुठेच नाही. तू फोनवर म्हणालीस, “बाबा, कंपनीला चित्रकाराशीच करार करायचाय. तिचं आम्ही आपसात बघून घेऊ.” या ‘आपसात बघून घेऊ’वर मला बोलायचंय.

मी उभं आयुष्य तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहिले. कोर्टापर्यंत गेलेले त्यातले बहुतेक दस्त सख्ख्यांमधले होते. परक्या माणसाकडून आपण सगळं लिहून घेतो, आपल्या माणसाकडे कागद मागायला जीभ रेटत नाही. पण शेतजमिनीचे दाखले देऊन तुला पटायचं नाही. म्हणून तू लहानपणी ज्यांची चित्रं भिंतीला चिकटवायचीस त्या बॅटमन-सुपरमॅनची भांडणं मी वाचून काढली. वाचताना मन खरंच विषण्ण झालं.

बॅटमनचं आधी सांगतो, कारण ते तुमच्या दोघींच्या सगळ्यात जवळचं आहे. १९३८ साली सुपरमॅन आला आणि धो-धो खपला. प्रकाशकाला तसाच दुसरा नायक हवा होता. न्यूयॉर्कच्या बॉब केन या तरुण चित्रकाराने एक आकृती काढली: अंगात लाल घट्ट कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा, पाठीला ताठ पंख. ती त्याने बिल फिंगर या लेखक मित्राला दाखवली. फिंगरने शब्दकोश काढून त्यातलं वटवाघळाचं चित्र त्याच्यापुढे धरलं आणि कान दाखवले. डोकं पूर्ण झाक, कान वर येऊ देत, डोळ्यांच्या बाहुल्या दिसायला नकोत, पंखांच्या जागी झगा दे म्हणजे पळताना तो पंखांसारखा फुलेल, आणि लाल रंग काढून राखाडी-काळा कर, असं त्याने सुचवलं. बॅटमनचं मुखवट्यामागचं ब्रूस वेन हे नाव त्याचं. गॉथम हे शहराचं नाव त्याचं. मे १९३९ च्या अंकात आलेली पहिली गोष्टही त्यानेच लिहिली. आज डोळे मिटून बॅटमन आठवलास, तर जो दिसतो त्यातलं किती फिंगरचं आहे ते तूच बघ.

प्रकाशकाकडे मात्र केन एकटाच गेला आणि करार त्याच्या एकट्याच्या नावाने झाला. सुरुवातीला फिंगरला त्याच्या कामाचे पैसेही केनच्या हातूनच मिळायचे. बॅटमनवर नाव छापलं जायचं ते फक्त बॉब केनचं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. १९६५ साली न्यूयॉर्कला कॉमिक्सच्या चाहत्यांच्या एका मेळाव्यात फिंगर बोलला, त्यावरून एका चाहत्याने त्याच्या वाट्याबद्दल लेख लिहिला. तेव्हा केनने जाहीर पत्र लिहून बॅटमन आपल्या एकट्याचाच असल्याचं ठणकावलं. जानेवारी १९७४ मध्ये फिंगर गेला. वय ५९, हातात पैसा नाही, बॅटमनचा निर्माता म्हणून नाव नाही. पुढे १९८९ मध्ये केनने आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगरला श्रेय मिळायला हवं होतं. तोवर फिंगरला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकाने चिकाटीने फिंगरची माहिती खणून काढली, फिंगरची नात पुढे आली, आणि २०१५ मध्ये बॅटमन छापणाऱ्या डीसी कंपनीने केनच्या जोडीने फिंगरचं नाव द्यायचं मान्य केलं. ब्रॉंक्समधल्या ज्या पो पार्कमध्ये हे दोघे मित्र बसून गोष्टी रचायचे, त्याच्याजवळच्या रस्त्याला २०१७ मध्ये फिंगरचं नाव दिलं गेलं. हे चांगलं झालं. पण त्याला स्वतःला यातलं काहीच बघता आलं नाही.

केनला मी दुष्ट म्हणत नाही. पहिली रेघ त्याचीच होती. पण त्या दिवशी प्रकाशकाच्या ऑफिसात “आम्ही दोघे आहोत” एवढं एक वाक्य तो बोलला असता, तर पुढची पंचाहत्तर वर्षं वेगळी गेली असती. तू आज नेमकी त्याच खुर्चीत बसली आहेस, म्हणून एवढं लांबण लावलं.

आता सुपरमॅन. इथे दोघा मित्रांची आपसात फाटाफूट नव्हती, दोघे शेवटपर्यंत बरोबर राहिले. जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. दोघे क्लीव्हलँडचे, एकाच शाळेतले. कितीतरी वर्तमानपत्री संस्थांनी सुपरमॅन नाकारला होता. शेवटी मार्च १९३८ मध्ये तेरा पानांच्या गोष्टीला पानामागे १० डॉलर, म्हणजे १३० डॉलर मिळाले. त्या कागदातली भाषा वाचून मी थबकलो, कारण तसली भाषा मी हजारदा लिहिली आहे: गोष्ट, पात्रं, शीर्षक, सगळं तुम्हाला आणि तुमच्यामागून हक्क घेणाऱ्यांना, कायमचं. तेव्हा दोघांचं वय २३ होतं. तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

१९४७ मध्ये ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, हक्कांवरचा दावा सोडावा लागला आणि गोष्टींवरची नावंही काढली गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी सुरू असताना शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. सीगलने वर्तमानपत्रांना लिहिलं, नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २० हजार डॉलर आणि नाव परत मिळालं. वारसांचे खटले तर पुढे कित्येक वर्षं चालले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागले. ज्या चेकने ते १३० डॉलर दिले होते, तो जुना चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. १९४८ च्या तडजोडीत दोघांना मिळून जेवढे मिळाले, त्याहून जास्त!

तू विचारशील, चित्रकार मोठा की लेखक? हा वाद मार्व्हलमध्येही झाला. स्टॅन ली थोडक्यात कथा सांगायचा, जॅक कर्बी अख्खा अंक काढून आणायचा, मग ली संवाद भरायचा. १९६६ मध्ये कर्बीच्या पानांत एक चंदेरी माणूस लाटेवर स्वार होण्याच्या फळीवर उभा दिसला. लीने तो सांगितलाच नव्हता. ती कल्पना कर्बीची होती, हे लीने पुढे मोकळेपणाने सांगितलं. तरी मालकी दोघांपैकी कुणाचीच नव्हती, ती कंपनीची. कर्बीच्या मुलांनी हक्क मागितले तेव्हा कोर्ट म्हणालं, काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालेलं आहे. २०१४ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दारात असताना तडजोड झाली.

आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. तुझ्या कामाचं तेवढं सांगतो. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. तुम्ही दोघी नोकरीत नाही आणि पात्र आधीच तयार आहे, हे करारात स्पष्ट आलं पाहिजे. हक्क द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. तुझ्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द आहेत, ते उगाच घातलेले नाहीत. शिवाय कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. पण निर्माते कोण, हेच कागदावर नसेल तर तुझ्या मैत्रिणीने तो हक्क कशाच्या आधारावर सांगायचा?

तेव्हा पैसे थोडे कमी आले तरी चालतील, पण कंपनीला हे लिहून पाठव: करारात लिहून देणार दोघी असतील. प्रत्येक अंकावर, आणि पुढे सिनेमा-मालिका-खेळणी निघाली तर त्यावरही, दोघींची नावं सारख्याच आकारात येतील. हक्क पुस्तकापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते, बाकीच्या प्रत्येक गोष्टीला वेगळा करार. जुनी स्केचबुकं आणि तुमचे आपसातले मेसेज दोघींनी तारखेसकट जपून ठेवा.

कंपनी नाही म्हणाली तर मला फोन कर, लगेच सही करू नकोस. शनिवारी तिला घेऊन घरी ये. आमच्या आवारातल्या एक वकीलबाई पुस्तकांचे करार बघतात, त्यांना मी अकरा वाजता थांबायला सांगितलंय. आणि तुमचा दोघींचा आपसातला कागद मी स्वतः लिहून देईन, स्टँपपेपर आणून ठेवलाय.

तुझे,
बाबा