न्हाणीघरात व्हिनाइल बसवण्यापूर्वी

महोदय,

आमच्या गुहागर परिसरात घरे आणि होम-स्टे यांची न्हाणीघरे नव्याने करताना लाकडासारख्या दिसणाऱ्या ‘लक्झरी व्हिनाइल’ फळ्या अलीकडे बसवल्या जात आहेत. आईला गुळगुळीत टाइल्सवर पाय टाकायची भीती वाटे, म्हणून गेल्या मे महिन्यात मीही त्या बसवून घेतल्या. विक्रेत्याने ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे सांगितले होते, आणि फळीपुरते ते खरेही आहे. परंतु गणपतीच्या सुमारास मोरीच्या जाळीजवळ पाय ठेवला की सांध्यांतून काळपट पाणी वर येऊ लागले. एक फळी उचकटली, तर खालच्या कोब्यावर बुरशी धरलेली होती आणि कुबट वासाने तिथे उभे राहवत नव्हते.

चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांपासून केलेली ही फळी पाण्याने फुगत नाही, मात्र खाचेत खाच अडकवून जोडलेल्या सांध्यांतून पाणी खाली झिरपते. आपल्याकडे तांब्याने अंगावर पाणी घेतले जाते, त्यामुळे सगळी जमीन भिजते. शिवाय मोरीकडे चहूबाजूंनी दिलेल्या उतारावर ताठ फळी नीट टेकत नाही आणि सांधे ताणले जातात. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभ्याच्या जोत्यातून ओल वर चढते आणि फळीखाली कोंडून राहते.

व्हिनाइल वाईट आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. अंघोळीची जागा काचेने किंवा कट्ट्याने वेगळी केलेली असेल, तर बेसिन आणि कमोडच्या कोरड्या भागात ते पायाला उबदार आणि सुखाचे वाटते. तिथेही वरचा संरक्षक थर 0.5 मिलिमीटरचा आहे का, हे विचारून घ्यावे. बसवण्यापूर्वी कोब्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून किमान सोळा तास ठेवावा. नंतर त्याच्या आतून पाण्याचे थेंब दिसले, तर काम थांबवावे. अंघोळीच्या जागेत मात्र आधी वॉटरप्रूफिंग करून त्यावर खरबरीत अँटी-स्किड टाइल्स बसवणेच बरे. आम्ही दिवाळीआधी तेच केले, आणि आता आई भिंतीचा आधार न घेता आत जाते.

मोरी असलेल्या ओल्या जमिनीसाठी आपला माल चालतो की नाही, हे विक्रेत्यांनी पावतीवर लिहून द्यावे, एवढीच विनंती आपल्या वृत्तपत्रातून करावीशी वाटते.

– एक वाचक, गुहागर