वेल्डर पोराच्या बापाचं एका ताईंना उघड पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

काम फत्ते झालं की मग आभार मानायचे, अशी आपल्याकडं रीत. आमचं पोरगं अजून कॅनडातल्या कॉलेजात वेल्डिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्क परमिट, म्हणजे शिक्षणानंतर तिथं काम करायचा परवाना, हातात यायचा आहे, म्हणजे रीतीप्रमाणं मी थांबायला पाहिजे. पण पुढं काय व्हायचं ते होवो, तुम्ही आमच्यासाठी जे करायचं ते करून बसलाय. आणि आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, आता प्रत्येक दुसऱ्या शेडमधलं पोरगं परदेशाचं बोलतंय, त्यांच्या आईबापांनीही वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

तुमच्या आत्या आमच्या गल्लीत राहतात, ओळख ती एवढीच. तुम्ही स्वतः तिकडं कॅनडात हीटिंग-कूलिंगचं काम शिकून साइटवर लागलेल्या. तुमची जेवणाची सुट्टी म्हणजे आमची रात्रीची साडेनऊ-दहाची वेळ. मागं ड्रिलचा आवाज आणि त्यावर तुमचा पहिला प्रश्न, "काका, कोर्स संपल्यावर त्याच्या हातात कुठला कागद पडणार?" मी फी विचारायला फोन केलेला. फीचं बोलणं तुम्ही शेवटी काढलंत.

तोवर इथल्या एका सल्लागारानं खासगी कॉलेजातला बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा जवळजवळ आमच्या गळ्यात घातला होता. त्याचं म्हणणं ऐकायला गोड होतं: पोरगं कळंब्याच्या आयटीआयमधून वेल्डर झालंय, आर्गॉन वेल्डिंग येतं, सीओटू वेल्डिंग येतं, मग तेच तिथं पैसे भरून परत कशाला शिकायचं? तुम्ही त्याच्याबद्दल वाईट शब्द काढला नाहीत. कॅनडा सरकारचं पान उघडायला लावलंत आणि पोराला मोठ्यानं वाचायला सांगितलंत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी स्टडी परमिटचा, म्हणजे तिथं शिकायच्या परवान्याचा, अर्ज केला, त्यांचा कोर्स पदवीचा नसेल तर तो शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, ट्रेड (म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम असली हातकौशल्याची कामं), वाहतूक अशा ठरलेल्या क्षेत्रांतलाच हवा, तरच शिक्षणानंतरचा वर्क परमिट. बिझनेसचा डिप्लोमा त्या यादीत बसत नव्हता, आणि खासगी कॉलेजांच्या बहुतेक डिप्लोमांवर हा परमिट मुळातच मिळत नाही. दोन वर्षं शिकून, सोनं गहाण टाकून, पोरगं तसंच परत आलं असतं.

मग सरकारी कॉलेजातला वेल्डिंगचा कोर्स शोधला. तिथंही तुम्ही थांबवलंत. कोर्सच्या नावावर जाऊ नका, प्रत्येक कोर्सला तो कुठल्या विषयाचा ते सांगणारा सहा आकडी सीआयपी कोड असतो, तो कॉलेजकडून ईमेलवर लेखी मागवा, म्हणालात. वेल्डिंगचा ४८.०५०८. तो ईमेल मी छापून पासबुकाच्या पिशवीत ठेवलाय.

एक वर्षाचा कोर्स स्वस्त पडत होता. तुम्ही म्हणालात, कोर्स आठ महिन्यांहून मोठा पण दोन वर्षांच्या आतला असेल तर परमिट तेवढ्याच मुदतीचा, दोन वर्षांचा असेल तर तीन वर्षांचा. आणि हा परमिट जन्मात एकदाच मिळतो. त्यातही पासपोर्टची मुदत संपते त्या तारखेच्या पुढं तो देत नाहीत. त्याचा पासपोर्ट संपायला थोडेच महिने उरले होते. तो आधी इथंच, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात, नवा करून घेतला. ही गोष्ट एरवी आमच्या ध्यानात येणारच नव्हती.

आयएल्ट्सचं, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचंही तसंच. प्रवेशासाठी त्यानं अ‍ॅकॅडमिक दिली होती. वर्क परमिटला ती चालत नाही, जनरल लागते, चारही भागांत सीएलबी ५ च्या (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी) बरोबरीची, आणि निकाल दोन वर्षांपेक्षा जुना नको. म्हणून ती आता शेवटच्या सत्रात द्यायची असं तुम्हीच ठरवून दिलंत. कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजनं कळवलं की १८० दिवसांत वर्क परमिटचा अर्ज, आणि स्टडी परमिट जिवंत असतानाच केला तर निकाल येईपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. हे सगळं पोराच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवलेलं आहे.

पण तुमची सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या अनुभवाच्या दाखल्यावरून. पुढं कायम राहायचं तर ट्रेडवाल्यांसाठी वेगळा रस्ता आहे, त्याला पाच वर्षांत दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, वर वर्षभराची नोकरीची ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं ट्रेड सर्टिफिकेट. मी छाती फुगवून सांगितलं, पोरगं दहावीपासून माझ्या शेडमध्ये आहे की! तुम्ही विचारलंत, "काका, पगार देत होता?" आता स्वतःच्या पोराला पगार कोण देतं, ताई? बायको आतून हसायला लागली. पगार नाही तर अनुभव नाही, हा त्यांचा हिशेब. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात त्यानं काढलेलं वर्ष मात्र धरलं जाईल, कारण तिथं पगारपत्रक होतं, पीएफ होता. तिथून तुम्ही दाखला मागवायला लावलात तोही नुसता "चांगला मुलगा आहे" छापाचा नाही; काय काम केलं, आठवड्याला किती तास, पगार किती, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत. दुसरा रस्ता तिथल्याच वर्षभराच्या कामाचा, १५६० तासांचा. पण कॉलेज चालू असताना केलेले तास त्यात धरत नाहीत, म्हणून आठवड्याला चोवीस तास कॉफीच्या दुकानात उभं राहून स्वप्नं बघू नको, हे त्याला तुम्हीच सुनावलंत. माझं ऐकलं नसतं त्यानं.

आणि दर वेळी फोन ठेवताना एकच वाक्य: "मी लायसन्सवाली सल्लागार नाही, नियम बदलतात, अर्ज करायच्या दिवशी पान परत वाचा." पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर तिथं वकील किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. इथं तर दुकानावर पाटी लावली की झालं. त्या सल्लागारानं फाइल उघडायचेच पैसे मागितले होते. तुम्ही जेवणाच्या सुट्ट्या दिल्यात आणि चहासुद्धा आमच्याकडं घेतला नाहीत, घेणार तरी कसा म्हणा.

आत्या म्हणतात यंदा गणपतीला तुमचं यायचं चाललंय. दिवस आधी कळवा, पांढरा-तांबडा रस्सा घरी करायचा म्हणजे मटण सकाळीच आणावं लागतं. आणि गल्लीतली दोघं-तिघं पोरं तुमचा नंबर मागतायत, एक इलेक्ट्रिशियन आहे, एक सुतारकाम करतो. मी अजून दिलेला नाही. द्यायचा का, आणि कुठल्या वेळेला फोन करायला सांगू, तेवढं आत्यांकडून कळवा.

आपला,
उद्यमनगरातले काका
कोल्हापूर