आधी चाक, मग टायर

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय विन्या,

तुझे फोटो बघितले. गाडी देखणी आहे, त्यात वादच नाही. आजोबांच्या जागेत एवढी वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली एमजीबी, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी राहिली म्हणून आमच्या सगळ्या कट्ट्याला आनंद झालाय. पण खाली तू जे लिहिलंयस, की 'दुकानदार सतरा इंची अलॉय चाकं बसवून देतो म्हणतोय, चकाचक दिसेल', ते वाचून हातातला चहा खाली ठेवला. म्हणून मेसेज न करता सविस्तर लिहितोय. पैसे देऊन बसायच्या आत वाच.

पहिलं म्हणजे टायरचा विचार आत्ता करूच नकोस. चाक ठरलं की टायर आपोआप ठरतो, उलटं करायला गेलं की सगळं बिघडतं. तुझी गाडी तारेच्या चाकांची आहे. त्या चाकाला चार नट नसतात. चाक ज्यावर बसतं त्या मधल्या हबवर दाते असतात, स्प्लाइन म्हणतात त्यांना, त्यावर चाक सरकवायचं आणि बाहेरून एकच मोठा नट. शिवाय कंपनीनं तारेच्या चाकांच्या गाडीला मागचा अ‍ॅक्सलही थोडा अरुंद दिला होता. त्यामुळं तुझ्या दुकानदाराच्या अलॉयना अ‍ॅडॅप्टर लागणार, अ‍ॅडॅप्टरनं चाक बाहेर येणार आणि खड्ड्यात गाडी बसली की टायर मडगार्डला घासणार.

आणि पत्र्याच्या चाकांची एमजीबी असती तरी त्याचं अलॉय बसलं नसतंच. तिचे चार बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि आपल्याकडं स्विफ्ट, डिझायरची चाकं १०० वर. जुन्या मारुती ८०० चं ११४.३ जुळतं खरं, पण ते चाक बारा इंची. एमजीबीची पुढची ब्रेक डिस्कच पावणेअकरा इंची आहे, वर कॅलिपर, म्हणजे ती डिस्क आवळणारा चिमटा. मावणार कुठं? 'भोकं नवीन पाडून देतो' असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार कर आणि चालायला लाग. उद्यमनगरात आमच्याकडं लेथवर वाटेल ते होतं, माझ्याही हाताला खाज सुटते, पण चाकाच्या भोकांशी मी खेळत नाही.

तेव्हा तारेचीच ठेव. फक्त ती तपास, आणि हे काम घाईनं करू नकोस. चाक काढून हबचे दाते बघ. वरून सपाट दिसले पाहिजेत. झिजून टोकदार, करवतीसारखे झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचं. एकच बदललंस तर जुनं नव्याला खातं. दात्यांत तांबूस, गंजासारखी भुकटी दिसली तर चाक हबवर हलतंय असं समज. गाडी चालवतानाही कळतं: रिव्हर्स घेऊन लगेच पुढं घातलीस की मागून 'ठक्' असा आवाज येतो. मग छोटा पाना घेऊन एकेका तारेवर हलकेच मार. ताठ तार टणकन वाजते, ढिली असेल तर भद्द आवाज. कान लावून एक फेरी पूर्ण कर, कुठली तार कामातून गेलीय ते आपोआप सापडेल. ढिल्या तारा आवळायला सायकलवाल्याकडं मात्र जाऊ नकोस. आऊट काढणं त्यालाही येतं, पण हे चाक साधारण नऊशे किलोच्या गाडीखाली फिरायचं आहे.

बसवताना दात्यांना ग्रीस लाव. आणि नटाचे आटे दोन बाजूंना उलटे असतात हे गॅरेजच्या पोरांना आधी सांग. डाव्या चाकाचे नेहमीसारखे, उजव्याचे उलटे. नटाचा कान, म्हणजे ठोकून फिरवायचा बाहेर आलेला भाग, लोखंडी हातोड्यानं ठोकू देऊ नकोस, तांब्याचा किंवा शिशाचा घे.

आता टायर. कंपनीच्या जमान्यात या गाडीला ५.६०-१४ चे क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके, जुनी पद्धत), नंतर १५५ आणि १६५ चे रेडियल (धागे आडवे, आजची पद्धत), सगळे चौदा इंची. आजच्या भाषेत १६५/८० आर १४: रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, रिम चौदा इंची. ऐकून हसशील, हा टायर साध्या डिझायरला लागतो! टॅक्सीवाले रोज घालतात. लोक विलायतेहून क्लासिक टायर मागवायला बसलेत आणि तुझा टायर ताराराणी चौकातल्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळावा, ही गंमत मला लई आवडते. त्यावर ८५ टी लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो आणि ताशी १९० पर्यंत. तुझी गाडी नवी होती तेव्हाही कशीबशी १६५ च्या आसपास जायची. पुरे झालं.

रुंद टायरचा मोह होणारच. १८५/७० आर १४ जमतो, उंची जवळपास तीच राहते, पण तुझ्या साडेचार इंच रुंद रिमवर तो अगदी किमान मापात बसतो. १८५/६५ तर घेऊच नकोस. त्याला पाच इंच रुंद रिम लागते, शिवाय व्यास ६२० वरून ५९६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा तू शहाण्णवच्या आसपास असशील. स्टिअरिंगही जड होतं, पॉवर स्टिअरिंग थोडंच आहे तिला! आणि त्या सतरा इंची अलॉयवर २०५/४० चा टायर घातलास तर भिंत उरते ८२ मिलिमीटर, १६५/८० ची आहे १३२. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर हा फरक पाठीला कळतो, आणि आधी रिमला.

तारा रिममधून आरपार जातात म्हणून ट्यूब हवीच, रेडियलची, आणि तिच्याखाली रबरी पट्टी. टायरच्या आत कागदी स्टिकर चिकटवलेला असतो, तो आधी सोलून काढायला लाव. तो घासून घासून ट्यूब फाडतो. चारही टायर एकाच मेकचे, रेडियल आणि क्रॉसप्लाय मिसळायचे नाहीत. भिंतीवरचा चार आकडी कोड वाच: २२२४ म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसो, दुकानात पडून जुना झालेला घेऊ नकोस. हवा पुढं २१ पीएसआय, मागं २४, कंपनीच्या पुस्तकातली. दुकानदार सवयीनं तेहतीस मारेल, तिथंच उभा राहा.

दसऱ्याला येतोयस ना गाडी घेऊन? महाराजांची जुनी मेबॅक गाडी बाहेर निघते तेव्हा दसरा चौकात माणूस माणसावर असतो, तेव्हा तुझी गाडी आमच्या बोळातच लावू. त्याआधी चारही हबच्या दात्यांचे जवळून फोटो पाठव, आणि स्टेपनीचाही. स्टेपनीचा टायर बहुतेक गाडीच्याच वयाचा असेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या