मंत्रीमहोदय, बॅटची कड मोजणार कोण?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सांगलीत लेदर बॉलच्या सामन्यात माझ्या मुलाचा जबडा मोडला. वय 17, मध्यमगती गोलंदाज. चेंडू टाकून अजून वाकलेलाच होता, तेवढ्यात सरळ फटका तोंडावर. हात वर करायलाही उसंत नाही. मिरजेत ऑपरेशन झालं, दोन पट्ट्या बसवल्या. पोरगं नळीनं पेज पितंय आणि कागदावर लिहून विचारतंय, ‘नो-बॉल नव्हता ना?’

फटका मारणारा मुलगा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन रडला. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याची बॅट मी लेथवाल्याकडे नेऊन व्हर्निअरनं मोजली. कड 44 मिलीमीटर! नियमात 40 च्या वर चालत नाही. एकूण जाडीची मर्यादा 67, रुंदीची 108. ऑक्टोबर 2017 पासून हा नियम आहे. बॅट ज्यातून आरपार जायला हवी तो गेज म्हणजे खाच कापलेली एक पट्टी. 2025 च्या आयपीएलमध्ये पंच भर मैदानात तो लावून बघत होते. आमच्याकडे गेल्या वर्षी याच स्पर्धेच्या बक्षीस समारंभात पाहुण्या पुढाऱ्यांनी माइकवर सांगितलं होतं, पुढच्या वर्षी प्रत्येक बॅट मोजूनच आत जाईल. टाळ्या मीही वाजवल्या. यंदाच्या पंचांनी गेज डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

1771 साली इंग्लंडात व्हाइट नावाचा फलंदाज स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला. हॅम्बल्डन क्लबचा गोलंदाज टॉमस ब्रेट यानं लेखी हरकत घेतली आणि सव्वाचार इंचांची मर्यादा आली. गोलंदाजाचं तेव्हा ऐकलं गेलं, साहेब. आता चेंडू तोच, 156 ते 163 ग्रॅमचा, खेळपट्टी तीच 22 यार्डांची, फुगली फक्त बॅट. चुकलेला फटका कडेला लागूनही सीमापार जातो आणि लोक नाचतात.

कसोटीवीर विजय हजारे आमच्या सांगलीचे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची त्यांची दोन शतकं इथं पोराटोरांना पाठ आहेत. त्याच दौऱ्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाचा महान फलंदाज ब्रॅडमन याचा त्रिफळा उडवला, ते किती जणांना ठाऊक आहे? गोलंदाजाचं कष्ट या देशात मोजतच नाहीत.

आणि मोजतात तरी काय? मी ऊस घालतो. फडातनं निघालेली गाडी कारखान्याच्या काट्यावर हलकी होते. तक्रार केली तर म्हणतात, काटा बरोबर आहे, तुमचाच अंदाज चुकला. तीस वर्षं हेच ऐकतोय. नियम छापलेला असतो, माप दुसऱ्याच्या हातात असतं, आणि मोडतो तो आमचा जबडा!

प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर एक गेज द्या. गोलंदाजांचा विमा उतरवा. तोवर मी सुताराकडून प्लायवूडचा गेज कापून घेतलाय. येत्या रविवारी मैदानावर घेऊन जाणार आहे. पंचांनी तो वापरावा, एवढा लेखी आदेश त्याआधी पाठवा.

आपला,
एका गोलंदाजाचा बाप
ता. मिरज, जि. सांगली