सूचना : वेदना व्यवस्थापनाचे अनिवार्य निरंतर शिक्षण

सर्व परवानाधारक सदस्यांना कळविण्यात येते की, ज्यांच्या परवाना मंडळाने वेदना व्यवस्थापनाचे प्रशिक्षण अनिवार्य केले आहे, त्यांनी ते नूतनीकरणाच्या मुदतीपूर्वी पूर्ण करावे. अभ्यासक्रम आपल्या मंडळाने मान्य केलेला असल्याची खात्री नावनोंदणीपूर्वीच करून घ्यावी आणि विषय, तास व दिनांक स्पष्ट नमूद असलेले प्रमाणपत्र पडताळणीसाठी जपून ठेवावे.

हे प्रशिक्षण केवळ तास भरण्यासाठी करू नये, ही आग्रहाची विनंती. वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबतच्या टिपांनुसार, रुग्ण बोलू शकत नाही म्हणून त्याला वेदना होत नाहीत असे मानता येत नाही; त्यामुळे तान्ही बाळे, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किंवा कृत्रिम श्वसनावर असलेले रुग्ण यांच्या कपाळावरच्या आठ्या आणि आवळलेल्या मुठी ओळखता येणे हे आपले कामच आहे. दीर्घकाळ ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक औषधे) घेणाऱ्या रुग्णाचे औषध एकाएकी न थांबवता मात्रा टप्प्याटप्प्याने कशी कमी करावी, आणि त्यासोबत झोपेची औषधे दिल्यास श्वसन मंदावण्याचा धोका वेळीच कसा ओळखावा, हे भाग विशेष लक्षपूर्वक अभ्यासावेत.

– कार्यवाह