काकू, कोल्हापूरला निघण्याआधी हे वाचा

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

एव्हाना तुमच्या बॅगा भरून झाल्या असतील. तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणून चहा टाकायला उठता, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे कॅलिफोर्नियात, आपल्या फ्रिमाँटमधल्या मराठी मंडळींना कळू दे, माझ्या लेकीच्या स्केटिंगमागे कोण उभं होतं ते.

फिगर स्केटिंग हा पहाटेचा खेळ. संध्याकाळी रिंक हॉकीवाल्यांकडे असते, त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींना शाळेआधी सराव उरकावा लागतो. माझी हॉस्पिटलातली रात्रपाळी, ह्यांची फिरतीची नोकरी. तिला नेणार कोण, एवढ्यावरून तिचं स्केटिंग बंद व्हायची वेळ आली होती. साठी उलटल्यावर अमेरिकेत लायसन्स काढलेल्या तुम्ही म्हणालात, "मला तरी कुठे पहाटेची झोप लागते? मी सोडत जाईन." आम्हाला वाटलं, आमची काहीतरी सोय लागेपर्यंत न्याल. ती स्वतः गाडी चालवायला लागेपर्यंत तुम्हीच नेलंत, तेही पेट्रोलचे पैसे न घेता.

पण आज लिहायला बसले ते नेण्या-आणण्याबद्दल नाही.

बाकीचे आईबाप काचेपलीकडे उबेत बसायचे. तुम्ही स्वेटरवर शाल, शालीवर लेकाचं जाकीट चढवून आत बर्फाशेजारी बसायचात, मुली लुट्झ मारतात त्या कोपऱ्याला. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या नवख्याला सारख्याच दिसतात. दोन्हींत मागे सरकत येऊन उजव्या बुटाचं टोक बर्फात रोवायचं आणि उडायचं. फरक डाव्या पात्याच्या कडेचा. लुट्झला बाहेरची कड लागते, फ्लिपला आतली. मला अजून चटकन ओळखता येत नाही. तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात शिकलात, आणि हिची कड ऐन वेळी आत वळते हेही हेरलंत.

आणि ते गुणांचे कागद! स्पर्धा झाली की प्रत्येक उडीचे, प्रत्येक गिरकीचे गुण छापून मिळतात. आम्ही वर कितवा नंबर आला ते बघून कागद घडी करून ठेवायचो. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या तुम्ही चष्मा लावून, लाल पेन घेऊन ओळ न् ओळ वाचायचात. ती डबल ॲक्सलवर पडून रडत घरी आली, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. ॲक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, म्हणून डबल असली तरी अडीच फेऱ्या फिरावं लागतं. तुम्ही तिला शेजारी बसवलंत. "हे बघ, हिची मूळ किंमत ३.३०. तू पडलीस म्हणून निम्मे गेले, १.६५ राहिले. पडल्याचा दंड खाली वेगळा कापलाय, तो कापू दे. पण या ओळीत कमी फिरल्याची खूण आहे का कुठे? नाही. म्हणजे हवेतलं काम तुझं पूर्ण झालंय, आता फक्त उतरायचं शिकायचंय." अर्धी फेरी कमी पडली असती तर तीच उडी सिंगल धरून १.१० पासून मोजली असती, हेही तुम्ही मांडून दाखवलंत. डोळे पुसत ती दुसऱ्या ओळीवर गेली. मी आई, मी फक्त "असू दे गं" म्हणू शकले असते.

मग २०२२ साल आलं. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची रशियाची कमिला वालिएवा शेवटच्या फेरीत पुन्हा पुन्हा पडली, ते आपण एकत्र बसून पाहिलं. त्याच वर्षी आमची एकदम उंच झाली आणि डबल ॲक्सल गेली. अंगाचा तोल बदलला की हवेतला सगळा हिशेब चुकतो. रिंकवर कुणीतरी तिच्यादेखत बोलून गेलं, "आता वय निघून चाललं." १४ वर्षांच्या मुलीला! अजून राग येतो मला.

एप्रिलमध्ये बातमी आली की अलिसा लिऊने स्केटिंग सोडलं. इथून जवळच, ओकलंडला सराव करून मोठी झालेली मुलगी. १३ व्या वर्षी, २०१९ मध्ये अमेरिकेची विजेती. इतक्या लहान वयात हा मान कुणालाच मिळाला नव्हता. आणि १६ व्या वर्षी निवृत्त. आमच्या घरात सुतकासारखी शांतता होती. तुम्ही म्हणालात, "सोडलं तर सोडलं. तिचं आयुष्य आहे. तुलाही थांबायचं असेल तर थांब, मी काही तुझ्याशी बोलायची थांबत नाही." हे तुमच्याखेरीज कुणीच म्हटलं नव्हतं. कोच नाही, आम्हीही नाही. बूट-पात्यांना हजार डॉलरच्या वर घातल्यावर आईबापांच्या तोंडून असलं वाक्य निघत नाही.

आमची लेक वर्षभर स्पर्धांना गेली नाही. तुम्ही मात्र पहाटे गाडी काढतच होतात, कारण तिला बर्फ हवा होता, फक्त नंबर नको होता. त्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचं ठरवलं, तेव्हा ती बातमी तुम्हीच तिला वाचून दाखवलीत. "बघ, घाई त्यांनीच काढून टाकली." पुढे अलिसाही आपणहून परतली आणि मार्च २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, बॉस्टनला जगज्जेती झाली. तुम्ही त्या रात्री टाळ्या वाजवल्यात, पण आमच्या मुलीला "आता तू पण" असं एका शब्दाने म्हणाला नाहीत. तेवढ्यासाठीही आभार.

आता ती ज्युनियर गटात खेळते. नंबर कधी येतो, कधी येत नाही. शनिवारी छोट्या मुलांना शिकवते, आणि कुणी पडलं की आधी विचारते, "फिरणं पूर्ण झालं होतं का?" हे कुणाचं बोलणं ते आम्हाला कळतं.

कोल्हापुरात गुडघ्याचं ऑपरेशन लगेच उरकून घ्या, आज-उद्या करत बसू नका. पुढच्या स्पर्धेचा व्हिडिओ आणि गुणांचा कागद ती व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे. तुम्हाला दिसेल अशा मोठ्या अक्षरात पाठवायला सांगितलंय.

तुमची,
शेजारीण