त्या आठ पत्रांचा उल्लेख हवा होता

इतिहासकार डॉ. जे. व्ही. नाईक यांच्यावरील स्मृतिलेख वाचला. त्यात पदे, मानसन्मान सगळे आले. त्यांचे एक मोठे संशोधन मात्र एका ओळीत उरकले. १८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे छापून आली. इंग्रजी राजवट हिंदुस्थानची संपत्ती कशी ओरबाडते, हे त्यांत रोखठोक मांडले होते. लिहिणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये हा विषय मांडला तो १८६७ मध्ये, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी! तर्खडकरांचे हे श्रेय नाईक सरांनी विस्मृतीतून वर काढले. तर्खडकरांची ती आठ पत्रेही संपादकांना लिहिलेलीच, म्हणून वाचकांच्या पत्रांच्या याच सदरात कळवावेसे वाटले.

– एक वाचक, दादर, मुंबई